तार आली, फोनही आला. शेजारी बसणारा माणूस मात्र आला नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर २०२५मध्ये राज्य सरकारने उपग्रहाद्वारे इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्र केले आणि त्यात ज्या जिल्ह्यांची नावे घेतली गेली, त्यांत आपल्या खानदेशातील नंदुरबारही आहे. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवर एका टेकडीवर रेंज मिळते आणि उतार उतरला की फोन नुसता वेळ पाहण्यापुरता उरतो; तिथे आकाशातून का होईना, नेट येणार असेल तर त्याचे स्वागतच करायला हवे. तथापि अमळनेर तालुक्यातील एका लहान गावच्या वाचनालयाचा मानद कार्यवाह म्हणून गेली काही वर्षे मी जे पाहतो आहे, त्यावरून असे वाटते की नेट गावापर्यंत आणण्याचा जेवढा विचार झाला, तेवढा ते माणसाच्या हाताशी कसे यावे याचा झालेला नाही. केबल किती किलोमीटर टाकली हे मोजले जाते, फोन किती वाटले हे मोजले जाते, प्रमाणपत्रे किती दिली हेही मोजले जाते. परंतु ज्याला काहीच येत नाही त्याच्या शेजारी बसून त्याला ते येईपर्यंत थांबणारा माणूस कोण आणि त्याचे मानधन कोण देणार, हा प्रश्न कोणत्याही योजनेच्या कागदावर मला आजवर आढळला नाही.

खानदेशच्या बाबतीत हे अधिकच खटकते. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी, पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत वाटले गेले. जी कंपनी पुढे विप्रो या नावाने संगणकक्षेत्रात जगभर गेली, तिची सुरुवात १९४५ साली आमच्या अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली. म्हणजे आधारचाही नारळ इथलाच आणि संगणकातल्या एका मोठ्या नावाची नाळही इथलीच. असे असताना आज आमच्या गावातली कापूस वेचणारी बाई आपल्याच आधार क्रमांकावर आलेला संदेश दुसऱ्याकडून वाचून घेते.

एक प्रसंग सांगतो. राज्य शासनाच्या लाडकी बहीण योजनेसाठी सप्टेंबर २०२५पासून ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, सक्तीची झाली. तीत बाईच्या स्वतःच्या आधारची पडताळणी होते आणि तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचीही. आमच्या गावातील निम्म्या घरांतले तरुण सुरतेला लूमवर आणि साड्यांच्या कारखान्यांत कामाला आहेत; ताप्ती लाइनची गाडी रात्रीतून त्यांना तिकडे पोचवते आणि दिवाळीला परत आणते. तर एक बाई दुपारच्या उन्हात, वेचणीचा खाडा करून, वाचनालयात आली. तिच्या स्वतःच्या फोनवर पहिला ओटीपी आला, तो आम्ही भरला. मग पतीचा क्रमांक टाकला आणि दोघेही पडद्याकडे पाहत बसलो. थोड्या वेळाने ती शांतपणे म्हणाली, "गुरुजी, दुसरा नंबर ते सुरतले जास." नवऱ्याची रात्रपाळी होती, तो झोपलेला, फोन उशाशी पण आवाज बंद. शेजारच्या खोलीतल्या कुणाला तरी फोन करून त्याला उठवले, तो संदेश शोधेपर्यंत त्या ओटीपीची दहा मिनिटांची मुदत टळली. दुसऱ्यांदा मागवला तेव्हा साइट बसली. तिसऱ्या दिवशी काम झाले. तीन दिवसांची मजुरी तिची गेली, ती कोणत्या रकान्यात धरायची?

या गोष्टीत रेंज होती, फोन होता, रिचार्जही होता. नव्हते ते इतकेच, की ज्याने हा क्रम आखला त्याला एका घरातली दोन माणसे दोन राज्यांत राहतात हे ठाऊक नव्हते. अशा वेळी यंत्रणेची चूक भरून काढायला तिथे एक माणूस लागतो. आमच्या गावात तो योगायोगाने होता, कारण मी सेवानिवृत्त शिक्षक आहे आणि दुपारी मला दुसरा उद्योग नसतो.

ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याचा निर्णय ऑक्टोबर २०११मध्ये झाला, पुढे त्याचे नाव भारतनेट झाले. २०२३मध्ये केंद्राने त्याच कामाचा सुधारित कार्यक्रम सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांचा मंजूर केला. सुधारणा शहाणपणाची आहे. पूर्वी तार एका टोकाने गावात येई आणि रस्त्याच्या कामात जेसीबीने ती कुठे तोडली की पुढची सारी गावे अंधारात जात. आता कड्यासारखी जोडणी करायची आहे, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने नेट येत राहावे, आणि देखभालीचीही तरतूद दहा वर्षांची आहे. पण आमच्याच गावचे पाहा. नेटची पेटी ग्रामपंचायतीच्या खोलीत भिंतीवर आहे, खोलीला कुलूप आहे, कुलपाची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे आणखी दोन गावे आहेत, आणि भारनियमनाच्या वेळी पेटीला आधार देणारी बॅटरी कधीच फुगून गेली. अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. एक माणूस तीन गावांत एकाच वेळी बसू शकत नाही. कागदावर मात्र आमचे गाव जोडलेले आहे आणि ते खोटेही नाही.

शिकवण्याच्या बाबतीतही असेच झाले. २०१७मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू झाले, सहा कोटी ग्रामीण लोकांना शिकवण्याचे उद्दिष्ट होते आणि मार्च २०२४अखेर ते बंद झाले तेव्हा उद्दिष्टापेक्षा जास्त, म्हणजे सुमारे ६ कोटी ३९ लाख लोक शिकल्याची नोंद झाली. आकडा मोठा आहे आणि त्यातून अनेकांचा फायदा झालाही असेल. पण नियम असा होता की एका घरातून एकच व्यक्ती, वय १४ ते ६० आणि अभ्यास वीस तासांचा. आपल्याकडे "घरटी एक" म्हटले की तो एक कोण असतो हे मी सांगायला नको. कॉलेजात जाणारा मुलगा असतो, ज्याला त्या वीस तासांतले बहुतेक आधीच येत असते. आणि साठीच्या पुढच्या माणसाला तर दारच बंद होते. नेमक्या त्याच माणसाला दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्याचाच थम रेशनच्या यंत्रावर लागत नाही, आणि बँकेत जाऊन "लिंक नाही, उद्या या" हे त्यालाच ऐकावे लागते. आयुष्यभर निंदणी-वेचणी केलेल्या बोटांवरच्या रेषा पुसट होतात. गुळगुळीत बोटाच्या माणसाने ठरवलेली ही ओळख आहे, असे कधी कधी मनात येते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशाच्या ग्रामीण भागातील फक्त २४.६ टक्के स्त्रियांनी कधी तरी इंटरनेट वापरले होते, पुरुषांत हे प्रमाण ४८.७ टक्के होते. त्यानंतर फोन वाढले, हे खरे. पण फोन घरात असणे आणि बाईच्या हातात असणे यांतले अंतर आमच्या ओट्यावर रोज दिसते. फोन तिचा म्हणून घेतलेला असतो, त्यातले सिम मुलाच्या नावावर असते, कुलूप नातवाच्या बोटाने उघडते आणि दिवसभर तो त्याच्याकडेच खेळ खेळायला असतो. रिचार्ज संपला की आधी बंद होतो तो तिचाच क्रमांक. तो बरेच दिवस बंद राहिला तर कंपनी तो काढून घेते आणि ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही देऊ शकते. मग तिच्या खात्याचे संदेश परक्या माणसाला जायला लागतात. हे तिला कोणी सांगितलेले नसते.

वाचनालयात आम्ही काय करतो ते थोडक्यात सांगतो, मोठेपणासाठी नव्हे, तर हे काम काय प्रकारचे आहे ते कळावे म्हणून. संध्याकाळी पाच ते सात वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी दोन संगणक सुरू असतात. एका संस्थेने ते निर्लेखित करून कोपऱ्यात टाकले होते, आम्ही मागून आणले, लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली घातली, एकावरचे कळफलकाचे "क" हे अक्षर घासून गेले आहे तिथे नखपॉलिशचा ठिपका दिला आहे. नेटचे बिल सभासदांच्या वर्गणीतून जाते. अमळनेरला कॉलेजात जाणाऱ्या चार मुली रविवारी बायकांना शिकवतात. नियम एकच केला आहे: शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही. मुली विठ्ठलासारखे हात कमरेवर ठेवून उभ्या राहतात आणि फक्त तोंडाने सांगतात. पहिले दोन रविवार हे त्यांना फार जड गेले, कारण घरी "आण इकडे आजी, मी करून देते" ही सवय असते आणि तिथेच शिकणे संपते.

बायकांचे पहिले अडणे आम्हाला अपेक्षित नव्हते. त्या पडदा इतक्या जोराने दाबत की फोनला वाटे, बोट धरून ठेवले आहे. सारी चिन्हे हलायला लागत, एखादे अॅप पुसूनही जाई आणि बाई घाबरून फोन खाली ठेवी. बटनाच्या फोनची आणि एकूणच कष्टाची सवय असलेल्या हाताला हलके टेकवणे म्हणजे काय हे सांगून कळत नव्हते. शेवटी त्यांच्यातल्याच एकीने तोडगा काढला: तव्यावरची भाकरी शेकली का हे बोट लावून पाहतो, तितकेच टेकवायचे आणि उचलायचे. त्या दिवसापासून ही अडचण संपली. कोणत्या अभ्यासक्रमात हे वाक्य असेल?

भाषेचाही मुद्दा आहे. सरकारी अॅप मराठीत असतात, याचे समाधान आहे. पण "अधिप्रमाणन यशस्वी" किंवा "सत्र कालबाह्य झाले आहे" ही मराठी मलाच दोनदा वाचावी लागते, तर जिची बोली अहिराणी आहे तिने काय करावे? "आठे काय लिखेल शे?" (इथे काय लिहिले आहे?) हा आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न आहे. सातपुड्यात भिली आणि पावरी बोलणाऱ्या माणसाचा तोच प्रश्न आणखी एक पायरी दूरचा असतो. बोलून लिहिण्याची सोय फोनमध्ये असते म्हणून आम्ही ती दाखवतो, पण अहिराणीत बोलले की पडद्यावर भलतेच काही तरी उमटते आणि हसण्यात पाच मिनिटे जातात. हसणे वाईट नाही, धीर येतो. मात्र त्याने अर्ज भरला जात नाही.

गावात आपले सरकार सेवा केंद्र आहे, मग वाचनालयाने हे का करावे, असे विचारले जाते. केंद्रचालकांविषयी माझी तक्रार नाही. एका केंद्रावर आमच्या गावकऱ्यांकडून ठरलेल्या शुल्कापेक्षा जास्त पैसे घेतले गेले, तो अनुभव वेगळा. त्यावरून सगळ्यांना मोजणे अन्यायाचे होईल. पण केंद्रवाल्याची कमाई अर्जामागे असते. ज्याला त्याने अर्ज भरायला शिकवले तो पुढच्या वेळी येणार नाही, म्हणजे शिकवणे हे त्याच्यासाठी स्वतःचे गिऱ्हाईक तोडणे आहे. शिवाय रांगेत पंधरा माणसे उभी असताना कोण कुणाला समजावत बसेल? काम करून देणे आणि काम शिकवणे हे दोन निराळे व्यवसाय आहेत, आणि दुसऱ्याला गिऱ्हाईक नसते, म्हणून तो सार्वजनिक पैशातून चालवावा लागतो, जसे ग्रंथालय चालवतो.

ग्रंथालय कायदा आपल्याकडे १९६७पासून आहे. अ, ब, क, ड अशा वर्गांची शासनमान्य अनुदानित ग्रंथालये राज्यात हजारोंच्या संख्येने आहेत, त्यांतली कितीतरी खानदेशच्या खेड्यांत आहेत. त्यांना इमारत आहे, टेबल आहे, वीज आहे, ठरलेली वेळ आहे, आणि मुख्य म्हणजे तिथे जायला बाईला कारण सांगावे लागत नाही. वाचनालयात गेली होती म्हटले की घरचे पुढे विचारत नाहीत. त्यांतल्या इच्छुक ग्रंथालयांना नेटची जोडणी, दोन संगणक, पुस्तकाप्रमाणे पंधरा दिवसांसाठी घरी देता येतील असे चार टॅब आणि दिवसाचे चार तास बसणाऱ्या एका मदतनिसाचे मानधन मिळाले, तर नवी इमारत बांधावी लागणार नाही की नवी समिती नेमावी लागणार नाही. मदतनीस शक्यतो गावातलीच सून किंवा मुलगी असावी, बोली जाणणारी असावी. तिला संगणकाची पदवी नसली तरी चालेल, धीर मात्र हवा.

जोडणीचा मार्गही मोकळा आहे. डिसेंबर २०२०मध्ये केंद्राने पीएम-वाणी योजना मंजूर केली, तीत किराणा दुकानदार, चहावाला किंवा वाचनालय कोणीही परवान्याशिवाय आपल्या जागेतून लोकांना वायफाय देऊ शकतो. अडचण दराची होती. कंपन्या अशा ठिकाणी महागडी जोडणी घ्यायला लावत. जून २०२५मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने त्यावर मर्यादा घातली, की २०० एमबीपीएसपर्यंत वेग असलेल्या जोडणीला घरगुती दराच्या दुपटीहून जास्त आकारता येणार नाही. म्हणजे पैशाचा मोठा भाग तारेचा उरलेला नाही, तो माणसाच्या मानधनाचा आहे, आणि नेमका तोच देण्याची कोणाची तयारी नसते. जिल्हा नियोजन समितीचा निधी आहे, ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो, कंपनी कायद्याप्रमाणे नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला बांधील असलेले उद्योग आपल्या जळगाव-धुळ्यातही आहेत. पण उद्योगाला टॅब वाटतानाचा फोटो हवा असतो. मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता एका म्हाताऱ्याला तिसऱ्यांदा तेच समजावणाऱ्या मुलीचा फोटो कोण काढणार?

या कामात फसवणुकीपासून सावध करणे हा भाग मी सर्वांत मोठा मानतो. गेल्या हंगामात गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर पीएम किसानची यादी म्हणून एक एपीके फाइल, म्हणजे उघडताच फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल, फिरली. आमच्या एका सभासदाने ती उघडली आणि संध्याकाळपर्यंत खत-बियाण्यासाठी ठेवलेले पैसे गेले. अशा वेळी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन करायचा असतो हे त्याला दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आल्यावर कळले. तोवर रक्कम पुढे सरकली होती. फोन चालवता येत नव्हता तेव्हा तो सुरक्षित होता, अर्धवट आला तेव्हा लुटला गेला. ज्या शासनाने सातबारा, पीक पाहणी, विमा, शिष्यवृत्ती हे सारे फोनवर नेले, त्याने रस्त्यावरचा हा खड्डाही आपला मानायला हवा. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली, शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढू लागला, हे चांगलेच झाले. पण ज्याला फोटो चढवता आला नाही त्याचे शेत कागदावर पडीक दिसू शकते, आणि नुकसानभरपाईच्या वेळी ते महाग पडते.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा घटनेच्या कलम २१मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले आहे. डोळ्यांची उघडझाप करता येत नाही म्हणून केवायसी अडलेल्या माणसाची ती लढाई होती. थम न उमटणाऱ्या आमच्या मजूर बाईची अडचण त्याच जातीची आहे, असे मला वाटते. हक्क म्हटला की तो मिळवून देणारे कोणी तरी नेमलेले असावे लागते. रेशनला दुकानदार असतो, लसीला परिचारिका असते, शाळेला शिक्षक असतो.

माझी विनंती एवढीच आहे की ग्रंथालय संचालनालयाने अनुदानाच्या खर्चात या मदतनिसासाठी आणि नेटच्या बिलासाठी स्वतंत्र शीर्ष उघडावे, आणि सुरुवातीला धडगाव, अक्कलकुवा, साक्री, चोपडा, अमळनेर अशा पाच तालुक्यांत प्रत्येकी थोड्या ग्रंथालयांपासून दोन वर्षे हे करून पाहावे. यशाची मोजणी प्रमाणपत्रांवर करू नये. जो माणूस पहिल्या महिन्यात हात धरून अर्ज भरत होता तो सहाव्या महिन्यात एकटा भरतो का, एवढेच पाहावे. गेल्या तपासणीत आमच्या जमाखर्चात नेटचे बिल दिसले तेव्हा हा खर्च पुस्तकांत धरायचा, नियतकालिकांत की फर्निचरमध्ये, असे आम्हाला विचारले गेले. आम्ही तो "इतर" या सदरात दाखवला आहे. रविवारी येणाऱ्या मुलींच्या बसभाड्यासाठी तेही सदर सापडले नाही, म्हणून ते आमच्या हिशेबाच्या वहीत कुठेच नाही.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त शिक्षक व ग्रामीण वाचनालयाचा मानद कार्यवाह,
ता. अमळनेर, जि. जळगाव